इतिवृत्त कोण लिहितंय?

बैठक सुरू व्हायच्या आधी एक क्षण असतो. विषयपत्रिकेचे कागद वाटून झालेले असतात, खुर्च्या सरकायच्या थांबलेल्या असतात. अध्यक्ष चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात आणि टेबलाभोवती एकदा नजर फिरवतात. ती नजर कुणाला तरी शोधत असते. आमच्याकडे ती माझ्यापाशी येऊन थांबायची. "मॅडम, तुमचं अक्षर छान आहे." एवढं पुरे व्हायचं. वही माझ्यापुढे सरकायची आणि मी पेनाचं टोपण काढायचे.

आधी विभागाच्या आणि मग विद्याशाखेच्या बैठकांची इतिवृत्तं मी अकरा वर्षं लिहिली. मधे संगणक आला, अक्षराचा प्रश्नच उरला नाही. तरी नजर माझ्यापाशीच थांबत राहिली. फक्त वाक्य बदललं: "तुम्हाला सगळं माहीत असतं."

काम वाईट नाही, हे आधीच सांगते. इतिवृत्ताची एक भाषा असते आणि ती आपल्याला चांगली जमते याचा मला थोडा तोराही होता. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायचेच काय ते बाकी राहिले की मी लिहायचे, 'विषयावर साधकबाधक चर्चा झाली.' कुणी टेबलावर मूठ आपटली तर 'सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या.' तासभर बोलून काहीच ठरलं नाही तर 'सदर विषय पुढील बैठकीत घेण्याचे ठरले.' भांडणाला इस्त्री करून घडी घालायची, तसं.

त्याच काळात एक पत्र आलं. महिला प्राध्यापकांसाठी नेतृत्व विकास कार्यशाळा, तीन दिवस, निवासी. विभागप्रमुखांनी ते माझ्या हातात देताना म्हटलं, "जाऊन या, तेवढाच बदल." कुणात बदल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला उभं कसं राहायचं ते शिकवलं. खांदे मागे, हनुवटी किंचित वर, हात कमरेपाशी घुटमळू द्यायचे नाहीत. वाक्याची सुरुवात 'मला वाटतं' अशी करायची नाही. बोलताना शेवटचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. दुपारी प्रत्येकीला दोन मिनिटं बोलायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि सगळ्यांसमोर दाखवलं. स्वतःला पडद्यावर बघणं ही शिक्षाच. माझ्या शेजारी एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बसल्या होत्या. त्यांचं भाषण खणखणीत झालं, प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या खाली बसताना माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आवाज पहिल्यापासून असाच आहे हो. ऐकणाऱ्यांचा वर्ग कधी भरवणार, ते विचारा."

माझ्या चिठ्ठीवर प्रशिक्षकांनी लिहिलं होतं: 'विषयाची जाण उत्तम. आत्मविश्वास वाढवण्याची गरज.' ती चिठ्ठी मी डायरीत ठेवली. दरवर्षी डायरी बदलली की चिठ्ठीही नव्या डायरीत जायची. मला ते पटलं होतं, हे महत्त्वाचं. बैठकीत मी बोलत नाही, म्हणजे माझ्यात काहीतरी कमी आहे.

अशा कार्यशाळांची परंपरा तशी जुनी. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात 'हर्स' या संस्थेने उच्च शिक्षणातल्या स्त्रियांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला तो १९७६ साली. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांसाठी अमेरिकेतच १९९५मध्ये 'एलाम' हा वर्षभराचा अभ्यासक्रम निघाला. ब्रिटनमध्ये २०१३पासून 'ऑरोरा' हा असाच कार्यक्रम चालू आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने महिला व्यवस्थापकांच्या क्षमताबांधणीची योजना राबवली. या वर्गांना जाऊन आलेल्या बायकांशी बोलावं तर बहुतेकींना आठवतात त्या संध्याकाळच्या गप्पा. आपल्यासारखंच आणखी तीस जणींचं चाललंय हे कळणं, हेच निम्मं शिक्षण. मीही ते नाकारत नाही. त्या ग्रंथपालबाई आजही फोन करतात.

पण खांदे मागे घेऊन मी परत आले आणि पुढच्याच सोमवारी वही माझ्यापुढे सरकली.

नॅन्सी हॉपकिन्स यांची हकीकत मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचली. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत तंत्रज्ञान संस्थेतल्या या रेणवीय जीवशास्त्रज्ञ. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झेब्राफिश या माशांवर काम करायचं म्हणून त्यांना टाक्यांसाठी आणखी २०० चौरस फूट जागा हवी होती. मिळेना. तुमच्याकडे पुरेशी आहे, असं उत्तर. तेव्हा बाईंनी मोजपट्टी घेतली आणि इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. कुणाला किती फूट, याचे आकडे कागदावर मांडले. मग त्यांनी इतर प्राध्यापिकांना विचारायला सुरुवात केली आणि १९९४मध्ये विज्ञान शाखेतल्या १६ जणींनी मिळून अधिष्ठात्यांना पत्र दिलं. समिती बसली. १९९९मध्ये तिचा अहवाल जाहीर झाला आणि जागा, पगार, साधनं, सगळीकडे तफावत असल्याचं संस्थेने मान्य केलं. एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी प्रस्तावनेत कबुली दिली: विद्यापीठांतला भेदभाव थोडा खरा आणि थोडा समजुतीचा असतो असं मी मानत आलो, पण त्यातला खरा भागच कितीतरी मोठा आहे हे आता कळलं.

त्या अहवालातली एक गोष्ट मला मोजपट्टीपेक्षा जास्त लागली. तरुण प्राध्यापिकांची तक्रार नव्हती. त्यांना वाटत होतं, भेदभाव वगैरे मागच्या पिढीचं. ज्येष्ठ होत जावं तसतसं बाजूला सारलं जाणं जाणवायला लागतं. आणि तोवर प्रत्येकीने मनाशी पक्कं केलेलं असतं की हा आपला एकटीचा प्रश्न. प्रत्येकीच्या डायरीत एकेक चिठ्ठी.

माझ्याकडे मोजपट्टीने मोजण्यासारखं काही नव्हतं. फायली होत्या. एका सुट्टीत विभागाच्या कपाटातून इतिवृत्तांच्या जुन्या फायली काढल्या आणि वाचत बसले. संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजायची खोड आहेच. अकरा वर्षांच्या प्रत्येक इतिवृत्ताखाली माझी सही होती, मी रजेवर असतानाची दोन वर्षं सोडून. त्या दोन वर्षांत सही दुसऱ्या एका प्राध्यापिकेची. मग दुसरी मोजणी केली. या सगळ्या पानांत 'यांनी असे मत मांडले की' या वाक्याआधी कुणाकुणाची नावं येतात? सरांची येत होती, चार-पाच जणांची, पानोपानी. माझं नाव मला सापडलं नाही. मीच लिहिलेल्या शेकडो पानांत मी कुठे बोललेच नव्हते. उपस्थितांच्या यादीत तेवढी होते.

बघा, प्रशिक्षक बरोबरच म्हणाले होते, असं मला तेव्हा वाटलं.

लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या तीन सहकारी अर्थतज्ज्ञ-अभ्यासकांचा २०१७चा एक शोधनिबंध आहे. करावं तर लागतं, पण करणाऱ्याला बढतीत ज्याचा उपयोग शून्य, असं काम कोण अंगावर घेतं, हा त्यांचा प्रश्न. प्रयोग साधा होता. तिघांचा गट, समोर संगणक, दोन मिनिटं. तिघांपैकी एकाने बटण दाबायचं. दाबणाऱ्याला कमी पैसे, इतर दोघांना जास्त. कुणीच दाबलं नाही तर सगळ्यांनाच सर्वांत कमी. बहुतेक गट शेवटच्या काही सेकंदांपर्यंत ताणून धरायचे. मिश्र गटांत बायकांनी बटण पुरुषांपेक्षा जवळजवळ दीडपट वेळा दाबलं.

इथपर्यंत आपल्यापैकी कुणालाच आश्चर्य वाटणार नाही. पुढचं ऐका. गटात सगळे पुरुष असले की पुरुष निमूट बटण दाबायचे, तेवढ्याच वेळा जेवढ्या वेळा बायकांच्या गटात बायका दाबायच्या. म्हणजे पुरुषांना बटण दाबता येत नाही असं नाही, आणि बायका जन्मतःच परोपकारी आहेत असंही नाही. टेबलाभोवती एक बाई बसलेली असली की सगळ्यांना माहीत असतं, ती दाबेल. तिलाही माहीत असतं.

हे वाचलं त्या रात्री मला माझ्या अध्यक्षांची ती टेबलाभोवती फिरणारी नजर आठवली. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती फिरून माझ्यापाशी यायच्या आधीच टोपण काढलेलं पेनही आठवलं.

पेनावर माझा राग नाही. संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता आठवतात. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा संयुक्त राष्ट्रांत तयार होत होता, तेव्हा 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशा शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द यावेत, हा आग्रह त्यांनी धरला आणि १९४८च्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात ते आले. पुढच्याच वर्षी त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. लंडन विद्यापीठात लिलियन पेन्सन कुलगुरू झाल्या तेही १९४८ साल. म्हणजे वाट पडून पाऊणशे वर्षं झाली. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत ४.३३ कोटी विद्यार्थ्यांमध्ये २.०७ कोटी मुली आहेत आणि शिक्षकांत स्त्रियांचं प्रमाण ४३.४ टक्के. वर्गात जा, गर्दी आहे. जिथे पैशांचे निर्णय होतात त्या खोलीत जा, बायकांच्या खुर्च्या मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

पैशांवरून आठवलं. त्या कार्यशाळेवर मी जरा अन्यायच केला. तिसऱ्या दिवशी शेवटच्या सत्रात, निम्म्या जणी बॅगा भरायला गेल्या असताना, एका विद्यापीठाचे निवृत्त वित्त अधिकारी आले. स्लाइड नाही, विनोद नाही. आल्या आल्या त्यांनी प्रत्येकीपुढे अंदाजपत्रकाच्या पानांची एक झेरॉक्स ठेवली, संस्थेचं नाव खोडलेली. म्हणाले, "यात कुलगुरूंची खरी ताकद कुठे आहे, ते दाखवा."

आम्ही पगाराच्या रकान्याकडे बोट दाखवलं. ते हसले. पगार ठरलेला, त्यात कुणाचं काही चालत नाही. इमारत निधी? तोही बांधलेला. मग त्यांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. एक, 'संकीर्ण' नावाचं लेखाशीर्ष, म्हणजे किरकोळ खर्चाचं खातं. दुसरी खूण 'अखर्चित शिल्लक' या रकान्यावर. तिसरी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेल्या टीपेवर: एका लेखाशीर्षाखालचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्याचा, म्हणजे पुनर्विनियोजनाचा, अधिकार कुणाला आणि किती रकमेपर्यंत. "ज्याला ही टीप वाचता येते," ते म्हणाले, "त्याला जानेवारीत कळतं की मार्चपर्यंत कुणाचे पैसे पडून राहणार आहेत. तो फेब्रुवारीत मागतो. तुम्ही जूनमध्ये अर्ज करता आणि निधी नाही असं उत्तर घेऊन घरी जाता."

पंचेचाळीस मिनिटं. उभं कसं राहायचं हे मी केव्हाच विसरले, ती झेरॉक्स मात्र अजून आहे. माझा हट्टच आहे म्हणा ना: बायकांच्या नेतृत्व विकासाचे तीन दिवस असतील तर दोन दिवस अंदाजपत्रक, सेवानियम, विद्यापीठाचे परिनियम आणि बिंदुनामावली, म्हणजे भरतीतल्या आरक्षणाचा तक्ता, शिकवावी. उरलेल्या दिवसात हवं तर खांदे मागे घ्यावेत. तीव्र भावना नियमाच्या कलमासकट व्यक्त केल्या की खांदे आपोआप मागे जातात.

वित्त समितीवर मात्र मी झेरॉक्स वाचून गेले नाही. कुणीतरी माझं नाव घेतलं म्हणून गेले. ते घेणारे आमचे एक अधिष्ठाता होते, फटकळ, आयुष्यात कधी गोड न बोललेले. मी त्या बैठकीला नव्हतेच. नंतर कळलं की समितीवर कोण, असा प्रश्न निघाल्यावर ते म्हणाले, "त्या संख्याशास्त्राच्या बाई. आकडे त्यांना कळतात, आणि बोलताना समोरच्याला घाबरत नाहीत." दुसरं वाक्य धडधडीत खोटं होतं. पण ते अधिष्ठात्यांच्या तोंडून निघालं, म्हणून खरं मानलं गेलं. त्या आधी मला मार्गदर्शक पुष्कळ मिळाले होते. आम्हा बायकांना सल्ल्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. आपण खोलीत नसताना आपलं नाव घेणारा माणूस दुर्मीळ.

आणि नाव घेतलं तरी कोणत्या शब्दांत, हेही आहेच. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. त्यांचा निबंध २००३चा. बायकांसाठीची पत्रं आखूड होती, शंकेला जागा ठेवणारी वाक्यं त्यांत जास्त होती आणि शिकवणं, मेहनत यांवर भर होता. पुरुषांच्या पत्रांत संशोधन होतं. मी घाईघाईने माझी स्वतःची जुनी पत्रं उघडून बघितली, विद्यार्थिनींसाठी लिहिलेली. 'अत्यंत कष्टाळू.' 'मनमिळाऊ.' 'दिलेले काम वेळेत पूर्ण करते.' एका मुलीने तर स्वतंत्रपणे नवी नमुनापद्धती बसवली होती आणि मी तिला मनमिळाऊ म्हणून मोकळी झाले होते.

विभागप्रमुख झाले तेव्हा विभागाची अवस्था फार बरी नव्हती. दोन जागा रिक्त, मूल्यांकन समिती सहा महिन्यांवर, प्रवेश घटलेले. माझ्या आधीच्या तिघांनी प्रकृतीचं कारण देऊन नकार दिला होता. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या अभ्यासकांनी २००५मध्ये ब्रिटिश कंपन्यांचा अभ्यास करून याला नाव दिलं, काचेचा कडा. गाडं घसरणीला लागलं की बाईला पुढे बसवायचं. सावरलं तर ठीक, कोसळलं तर बाईमुळे. हे मला आधी माहीत असतं तरी मी हो म्हटलं असतं, असं वाटतं. सगळ्या जणी म्हणतात.

आता जे लिहायचं आहे ते जरा जड जातं.

प्रमुख म्हणून माझी पहिली बैठक. विषयपत्रिका मी स्वतः तयार केली होती, चौथ्या क्रमांकावर अंदाजपत्रक. कागद वाटून झाले. खुर्च्या स्थिरावल्या. मी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि टेबलाभोवती नजर फिरवली. ती नजर आमच्याकडे नव्यानेच आलेल्या, विभागात सर्वांत लहान असलेल्या मुलीपाशी जाऊन थांबली. मी म्हणाले, "तू लिहितेस का? तुझं सगळं कसं व्यवस्थित असतं."

तिने टोपण काढलं होतंच.

बैठक पूर्ण झाली. अंदाजपत्रकावर चर्चा झाली, चांगली झाली, पुरुष सहकारी भरपूर बोलले, मीही बोलले. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम तिचं खाली वाकलेलं डोकं डोळ्यांपुढे आलं. केसांचा मधोमध भांग आणि भराभर चालणारा हात. तासभर मी तिचा चेहरा बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लावली: इतिवृत्तलेखन, आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने, सर्वांना, विभागप्रमुखांसह. कुरकुर झाली. 'माझं मराठी टंकलेखन कच्चं आहे' पासून 'या गोष्टीत काय एवढं' पर्यंत. काय एवढं नाहीच, तर मग लिहा की, असं मी म्हटलं आणि मलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं.

पहिल्यांदा पाळी आली ती आमच्या सर्वांत ज्येष्ठ सरांची. बोलण्यात यांचा हात कुणी धरू शकत नाही. जुन्या फायलींत पानोपानी ज्यांचं नाव येतं, त्यांतले हे अग्रगण्य. त्यांनी पाठवलेलं पहिलं इतिवृत्त चार ओळींचं होतं आणि त्यातल्या तीन ओळींत 'सविस्तर चर्चा झाली' होतं. काय ठरलं, कुणी करायचं, केव्हापर्यंत, पत्ता नाही. मी ते परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं, पुन्हा पाठवलं. शिकायला वेळ लागतो, मलाही लागला होता. पुढे सत्रात रजा आणि परीक्षांमुळे अदलाबदली होऊन त्यांच्याकडे आणखी दोन बैठका आल्या. तिसऱ्या वेळचं इतिवृत्त फार नेटकं होतं. त्या बैठकीत नव्या मुलीने प्रयोगशाळेच्या अखर्चित रकमेवर एक प्रश्न विचारला होता, आणि सरांनी तो नावासकट नीट नोंदवला होता.

इतिवृत्तावर माझी सही घ्यायला सर केबिनमध्ये आले. सही झाली तरी जाईनात. कागद हातात घेऊन दाराशी उभे राहिले, काहीतरी सांगायचं असल्यासारखे.

"मॅडम, एक विचारू?" ते म्हणाले. "हे लिहीत बसलं की बोलायलाच मिळत नाही हो. तुम्ही कसं करायचात?"